नदी उलटी ओलांडताना : एका लाओ बापाच्या वाटेनं सात दिवस

अमेरिकेतल्या लाओ घरांतून छापून येणाऱ्या मृत्युलेखांची एक ठरलेली चाल असते. जन्म लाओसमधल्या अमुक गावी. सैन्यात किंवा सरकारी नोकरीत. १९७५ नंतर कधीतरी मेकाँग ओलांडली. थायलंडच्या छावणीत काही वर्षं. मग कॅलिफोर्निया, मिनेसोटा, टेक्सास नाहीतर लुइझियाना. कारखान्यात पाळी, मागच्या अंगणात मिरच्या आणि गवती चहा, सुटीच्या दिवशी गळ घेऊन तळ्यावर. मागे पत्नी, मुलं, नातवंडं. शेवटी विहाराचा पत्ता आणि अंत्यविधीची वेळ.

यातली सगळ्यात आखूड ओळ ‘मेकाँग ओलांडली’ ही. मेकाँग ही लाओस आणि थायलंड यांच्यामधली सीमेवरची नदी; १९७५ मध्ये लाओसमध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि जुन्या राजवटीतली माणसं ती ओलांडून पळाली. हा सात दिवसांचा रस्ता तिच्यासाठी आखला आहे आणि तो उलटा आहे. मृत्युलेख संपतो तिथून सुरू होऊन जन्मगावाकडे जातो. माणूस कुठलाही एक धरा; त्या पिढीतल्या बहुतेकांची वाट हीच होती.

तारीख ठरवताना ‘बुन खाओ पदाप दिन’ धरून चालायचं. लाओ पंचांगाच्या नवव्या महिन्यातल्या अमावास्येला मृतांसाठी जमिनीवर अन्न ठेवतात, तो हा दिवस. साधारणपणे आपली पिठोरी अमावास्या, म्हणजे पोळ्याचा दिवस. कृष्णपक्षाचे दिवस मोजण्याची त्यांची रीत वेगळी आहे, त्यामुळे एखादा दिवस मागेपुढे होतो. प्रवास संपतो त्या उत्तर लाओसमधल्या लुआंग प्रबांगच्या मुक्कामाच्या जागी विचारून मगच तिकिटं काढावीत. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे भर पावसाळा. पण नदी कळायची तर ती पावसाळ्यातच पाहायला हवी.

पहिला दिवस : बँकॉक, रात्रीची गाडी

मुंबईहून बँकॉक साडेचार तासांच्या आसपास. थायलंडचं डिजिटल आगमनपत्र पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दलालाचं समजावं. सुवर्णभूमी विमानतळावरून रेल्वेनं मक्कासान, तिथून चालत फेचबुरीचं मेट्रो स्थानक, मग थेट बांग स्यू. नवं मुख्य रेल्वे स्थानक, क्रुंग थेप अफिवत, त्याला जोडूनच आहे. सामानासह सव्वा तास धरावा.

मेकाँगच्या थाई काठावरच्या नोंग खाई गावाची गाडी रात्री आठच्या सुमारास सुटते आणि सकाळी साडेसहाच्या आसपास पोहोचते. अंतर सव्वासहाशे किलोमीटरच्या घरात. दुसऱ्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात खालचा बर्थ घ्यावा. तो वरच्यापेक्षा रुंद असतो आणि त्याला खिडकी असते. एसी रात्रभर कडक चालतो, म्हणून पायमोजे आणि जाड शाल हाताशी ठेवावी. आता एक गाडी थेट लाओसच्या राजधानीपर्यंत, व्हिएन्टिआनपर्यंत जाते. या प्रवासात ती घेऊ नये, कारण मग नोंग खाईचा दिवस हुकतो.

गेलेल्याची रक्षा बरोबर नेत असाल तर पेटी लाकडी किंवा प्लॅस्टिकची घ्यावी. धातूच्या कलशातलं क्ष-किरणात दिसत नाही. अमेरिकेतल्या विमानतळावर तो अडवतात, आणि उघडून पाहायला कर्मचारी तयार नसतात. पेटी हातातल्या पिशवीत ठेवावी. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि दोन्हींच्या तीन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी. दोन्ही कागदांवर आणि पारपत्रावर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे निघण्याआधी तपासावं. लाओ घरांत ते बहुधा एक नसतं. कारण दुसऱ्या दिवशी येईल.

गाडीत दहा तास आहेत. मृत्युलेखाचा अमेरिकेतला भाग तोवर डोळ्यांपुढे आणता येतो. १९७५ च्या मे महिन्यात अमेरिकेनं इंडोचायनातल्या निर्वासितांसाठी कायदा केला आणि १९८० मध्ये निर्वासितांचा सर्वसाधारण कायदा आला. चर्च आणि स्वयंसेवी संस्था ‘स्पॉन्सर’ होत. माणूस कुठल्या राज्यात जायचा हे स्पॉन्सर कुठे मिळाला त्यावर ठरे. विमानाचं भाडं कर्जाऊ असे. तशा कागदावर सही करून माणूस विमानात चढे आणि नोकरी लागल्यावर हप्त्यांनी फेडे. म्हणजे नव्या देशातलं पहिलं पान उघडायचं तेच देण्याच्या बाजूला.

आयोवात गव्हर्नर रॉबर्ट रे यांनी १९७५ मध्ये ताई दाम या डोंगरी जमातीच्या निर्वासितांना एकगठ्ठा घेतलं, म्हणून ती वस्ती तिथे टिकली. लुइझियानात न्यू आयबेरियाजवळ तेलउद्योगासाठी वेल्डिंग आणि पाइप बसवण्याचं शिक्षण मिळत होतं. तिथे लाओ कुटुंबं जमली आणि विहाराभोवती लानशांग नावाची वसाहत उभी राहिली. इतरत्र मांस कापण्याचे कारखाने, इलेक्ट्रॉनिक्सच्या जुळणीचे पट्टे, होजिअरी. अनेक घरांत नवरा दिवसपाळीला आणि बायको रातपाळीला, किंवा उलट, म्हणजे मुलांजवळ कोणीतरी राहतं आणि पाळणाघराचे पैसे वाचतात. अशा घरात बाप कुटुंबवत्सल होता म्हणजे काय होतं? पाळीवरून येऊन झोपण्याआधी भिजलेला तांदूळ वाफेवर चढवायचा, मुलांना शाळेच्या बसमध्ये बसवायचं, आणि शनिवारी पंचवीस किलोची चिकट तांदळाची गोणी खांद्यावरून घरात आणायची. मृत्युलेखात हे ‘मासेमारीची आवड होती’ एवढंच उतरतं.

दुसरा दिवस : नोंग खाई

स्टेशन गावाबाहेर आहे. टुकटुकवाल्याशी आधीच भाव ठरवून था सादेतच्या बाजारात उतरावं. बाजार काठालाच लागून आहे आणि पलीकडे लाओस दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, एवढंच? पात्र पाऊण किलोमीटरच्या आसपास. पलीकडची मोटारसायकलसुद्धा ओळखू येते.

आता आकडेमोड करून पाहा. बांबूचा ओंडका किंवा ट्यूब धरून पाय मारणारा माणूस सेकंदाला अर्धा मीटर पुढे सरकतो असं धरलं, तर ७५० मीटरला १५०० सेकंद, म्हणजे पंचवीस मिनिटं. पावसाळ्यात प्रवाह सेकंदाला दीड मीटर धरला तर तेवढ्या वेळात तो सव्वादोन किलोमीटर खाली वाहत जातो. म्हणजे समोर दिसणारा दिवा हे उतरायचं ठिकाणच नव्हे. उतरायचं ते वळणापलीकडे, न पाहिलेल्या काठावर, चिखलाच्या उभ्या कडेला. दोघंजण दोन ओंडक्यांवर निघाले आणि एकाचा वेग थोडा कमी पडला, की काठाला लागेपर्यंत त्यांच्यात अर्धा किलोमीटर पडलेला असे, तोही अंधारात, आणि हाक मारायची सोय नाही. म्हणून मुलांना आईबापाच्या अंगाला दोरीनं बांधत. दोरीत धोका असा, की एक बुडाला तर दुसराही ओढला जातो. तरी बांधत.

ऋतूची निवडही अशीच. फेब्रुवारी ते एप्रिल पाणी इतकं उतरतं की मधे वाळूची बेटं उघडी पडतात. पोहायचं अंतर कमी, पण वाळूवरून चालणारा माणूस चांदण्यात दोन्ही काठांवरच्या पहारेकऱ्यांना दिसतो. पावसाळ्यात अंधार आणि झाडी सोबतीला, पण प्रवाहातून मुळासकट उपटलेली झाडं वाहत येतात. नोंग खाईला उन्हाळ्यात पाण्याची पातळी एक-दोन मीटरवर असते; पावसाळ्यात बारा मीटरच्या पुढे गेली की गावात शिरते, सप्टेंबर २०२४ मध्ये शिरलीच. काठाच्या पायऱ्यांवर मागच्या पुरांचा गाळ पाहावा, म्हणजे हा फरक आकड्यांशिवाय कळतो. लोक बहुतेक अमावास्येच्या मागेपुढे निघत.

पैसे असले तर होडीवाला. होडीवाल्याचाही भरवसा नसे. मधेच सोनं मागितलं जाई. सगळ्यात अवघड गोष्ट तान्ह्या मुलांची. रडणं किंवा खोकला ऐकू गेला तर सगळ्यांवरच गोळीबार, म्हणून अफूचा थेंब नाहीतर झोपेची गोळी देत. मात्रा ठरवायला काटा नव्हता, माप नव्हतं. काही मुलं पलीकडे पोहोचली पण उठली नाहीत. वृद्ध लाओ बाप आणि लाओसच्या डोंगरांतल्या ह्मोंग जमातीचे बाप या एका गोष्टीवर का बोलत नाहीत, हे विचारू नये.

बाजारापासून खाली गेलं की पाण्यात बुडालेला एक स्तूप आहे. १८४७ मध्ये काठ ढासळून तो नदीत गेला. उन्हाळ्यात त्याचं टोक वर येतं. ऑगस्टमध्ये काहीच दिसत नाही, नुसतं पाणी त्या जागेवर थोडं वळून जातं.

छावणी नोंग खाईतही होती. लोएई प्रांतातली बान विनाई ही मुख्यतः ह्मोंग लोकांची, १९७५ ते १९९२. मैदानी लाओंसाठी उबोन. १९८१ पासून थायलंडनं धोरण कडक केलं. नव्यानं येणाऱ्या मैदानी लाओंना नाखोन फनोमजवळच्या ना फोला ठेवायचं आणि तिसऱ्या देशात जाण्याची मुलाखतच द्यायची नाही, म्हणजे मागून येणारे आपोआप थांबतील असा हिशेब. १९७९ ला नदी ओलांडलेला भाऊ अमेरिकेत आणि १९८२ चा भाऊ वर्षानुवर्षं छावणीत, अशी घरं त्यातून झाली.

छावणीतला एक फोटो जवळपास प्रत्येक लाओ-अमेरिकन घरात सापडतो. अख्खं कुटुंब ओळीत उभं, पुढे पाटीवर खडूनं क्रमांक आणि नावं. हसणारं कोणी नाही. नावं लिहून घेणाऱ्याला लाओ लिपी येत नसे. तो ऐकू आलं तसं रोमन अक्षरांत लिही, आणि दोन भावांची नोंद दोन कारकुनांनी केली की आडनावं दोन होत. जन्मतारीख माहीत नसेल तर १ जानेवारी. म्हणून त्या पिढीत १ जानेवारीला जन्मलेले इतके. जायच्या आधी चोनबुरीतल्या फनात निखोमला इंग्रजीचे वर्ग आणि वैद्यकीय तपासणी असे. छातीच्या फोटोत क्षयाचा डाग दिसला की उपचार पूर्ण होईपर्यंत सगळं कुटुंब थांबे. आजारी एकटा बाप असला तरी कोणी त्याला मागे ठेवून पुढे जात नसे.

दुपारी साला केओ कू. सिमेंटच्या प्रचंड मूर्तींचं हे उद्यान बुनलुआ सुलिलात या साधूनं १९७८ पासून उभारलं. त्याआधी १९५८ मध्ये त्यानं पलीकडे, लाओसच्या काठावर, असंच एक उद्यान केलं होतं. १९७५ ला तोही नदी ओलांडून इकडे आला आणि पुन्हा पहिल्यापासून सिमेंट कालवायला बसला. सात फण्यांच्या नागाखालचा बुद्ध लांबूनच दिसतो. मात्र शेवटचं वर्तुळाकार कुंपण चुकवू नये. आत शिरायचं दार अरुंद बोगद्यासारखं आहे आणि आत जन्मापासून मरणापर्यंतचे पुतळे गोलात मांडले आहेत.

तिसरा दिवस : पूल

थायलंड आणि लाओस जोडणारा मैत्रीपूल ८ एप्रिल १९९४ ला सुरू झाला. लांबी ११७० मीटर, पैसा ऑस्ट्रेलियाचा. चालत जाऊ देत नाहीत. थायलंडच्या बाजूला शिक्का, मग पुलाची बस, तिकीट थोड्या बाटांचं, मग लाओसच्या खिडक्या. बस पाच-सात मिनिटांत पलीकडे जाते. डावीकडे बसलं तर प्रवाह येतो ती बाजू दिसते. मधल्या रुळांवरून रेल्वे जाते. लाओसच्या टोकाला सिग्नलपाशी वाहनं डावीकडून उजवीकडे बदलतात, कारण तिथून फ्रेंच पद्धत सुरू होते.

भारतीय पारपत्रावर आगमन व्हिसा मिळतो. डॉलरच्या नोटा स्वच्छ, न दुमडलेल्या, न शाई लागलेल्या ठेवाव्यात. टाचणीचं भोक असलेली नोट परत येते. बाट चालतात, पण त्यांचा दर प्रवाशाच्या बाजूचा नसतो. एक फोटो आणि पारपत्राची सहा महिन्यांची मुदत. किप, म्हणजे लाओसचं चलन, पुलावर थोडेच बदलून घ्यावेत, बाकी शहरातल्या बँकेत. एका डॉलरला वीस हजारांच्या वर किप मिळतात, म्हणून नोटांचं बंडल पाहून गोंधळायला होतं. शेवटची तीन शून्यं मनातल्या मनात काढून हिशेब करावा. उरलेले किप लाओसबाहेर कोणी घेत नाही.

रांगेत लोकांच्या हातातल्या अर्जांवरची नावं वाचता आली तर मराठी माणसाला मौज वाटेल. इन्थावोंग म्हणजे इंद्रवंश, सायावोंग म्हणजे जयवंश, सुवन्नावोंग म्हणजे सुवर्णवंश, फोम्मा म्हणजे ब्रह्मा. गावांचंही तसंच, सवन्नाखेत हे स्वर्गक्षेत्र. गंमत अशी की ही आडनावं फार जुनी नाहीत. आडनाव लावण्याची सक्ती फ्रेंच अमलात, १९४३ मध्ये आली. म्हणजे ज्या पिढीनं पहिल्यांदा आडनाव घेतलं, तिच्याच मुलांची आडनावं तीस-चाळीस वर्षांत छावणीच्या कारकुनानं मोडली.

१४ क्रमांकाची सरकारी बस पुलापासून तलात साओच्या बाजाराकडे जाते, तीच उलट बुनलुआच्या पहिल्या उद्यानाकडेही. आजचा दिवस एवढाच पुरे.

चौथा दिवस : व्हिएन्टिआन

सकाळी पातूसाय. १९५७ ते १९६८ मध्ये बांधलेली ही कमान अमेरिकेनं विमानतळाच्या धावपट्टीसाठी दिलेल्या सिमेंटची आहे, म्हणून तिला ‘उभी धावपट्टी’ म्हणतात. वर चढून घ्यावं, पाय थकण्याआधी. १९५४ नंतर लाओसच्या युद्धबंदीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं. आपले अधिकारी याच शहरात बसून उल्लंघनांच्या तक्रारी नोंदवत होते. तक्रारी नोंदल्या गेल्या, युद्ध चालू राहिलं.

मग खूवियांग रस्त्यावरचं कोप केंद्र. प्रवेश फुकट आहे, देणगी द्यावी. कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या संस्थेचं हे प्रदर्शन. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेनं लाओसवर ५,८०,००० विमानफेऱ्यांतून वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. सरासरी काढली तर दर आठ मिनिटांनी एक फेरी, नऊ वर्षं, रात्रंदिवस. क्लस्टर बॉम्बच्या पोटातले छोटे ‘बोंबी’ २७ कोटी, आणि त्यांतले सुमारे ८ कोटी फुटलेच नाहीत. बोंबी टेनिसच्या चेंडूएवढा असतो. तो कधी कुदळीखाली फुटतो, कधी भंगार म्हणून घरी आणल्यावर, कधी वर चूल पेटवल्यावर, कारण उष्णता खाली झिरपते. दारात लोकांनी गावातच पत्र्याचे, लाकडाचे, बांबूचे बनवलेले पाय टांगले आहेत. इथे तासभर नाही, दोन तास द्यावेत.

१४ मे १९७५ ला अमेरिकेच्या बाजूनं लढणाऱ्या ह्मोंग सैन्याचा सेनापती जनरल वांग पाओ आपल्या लाँग तिएंगच्या तळावरून विमानानं देश सोडून गेला. २ डिसेंबरला राजेशाही संपली. जुन्या सैन्यातले, पोलिसांतले आणि कचेऱ्यांतले लोक ‘समना’ला बोलावले गेले. शब्दाचा अर्थ ‘सेमिनार’, चर्चासत्र. काही आठवड्यांचं प्रशिक्षण म्हणून निघालेले पुरुष वर्षानुवर्षं परतले नाहीत. नदी ओलांडण्याच्या तारखा १९७५ पासून ऐंशीच्या दशकापर्यंत का पसरल्या आहेत, याचं एक उत्तर इथे आहे: बापाची सुटका झाल्याशिवाय घर निघत नसे. मग बरेचदा बाप आधी एकटा जाई, आणि बायको मुलांना घेऊन ‘माहेरी चालले’ म्हणून काठाच्या गावी येई. अख्खं कुटुंब एकदम निघालं की पोलिसांना वास लागे.

दुपारी वात सी साकेत; ‘वात’ म्हणजे विहार. १८१८ चं बांधकाम, १८२८ मध्ये सयामी सैन्यानं शहर जाळलं तेव्हा वाचलेलं. भिंतींतल्या कोनाड्यांत हजारो लहान बुद्ध. ते पाहून झाले की कुठल्याही साध्या विहारात जावं आणि आवाराची भिंत पाहावी. भिंतीला लागून पुरुषभर उंचीचे, कधी त्याहून लहान स्तूप असतात. ते ‘थात कदूक’, हाडांचे स्तूप. प्रत्येकावर चिनी मातीवर भाजलेला फोटो, नाव, दोन तारखा.

लाओ अंत्यविधी असा: शवपेटी घरी ठेवतात आणि रोज संध्याकाळी शेजारीपाजारी जमतात. त्या जमण्याला ‘हुआन दी’ म्हणतात, शब्दशः ‘चांगलं घर’. पत्ते खेळतात, खातात, मोठ्यानं बोलतात. घर एकटं पडू द्यायचं नाही एवढाच उद्देश. बाहेरून आलेल्याला हे चमत्कारिक वाटतं, कारण आपल्याकडे सुतकात चूल पेटत नाही. दहनाच्या दिवशी मुलगा किंवा नातू एका दिवसापुरता मुंडन करून श्रामणेर होतो आणि पेटीला बांधलेलं पांढरं सूत धरून पुढे चालतो. नंतर अस्थी वेचून नारळाच्या किंवा सुगंधी पाण्यानं धुतात आणि कलशात ठेवतात. स्तूप नंतर, ऐपतीप्रमाणे, कधी वर्षांनी. परदेशातून अस्थी आणायच्या असतील तर विहाराच्या प्रमुखाशी काही महिने आधी बोलावं. भिंतीला जागा उरलेली नसते हीच नेहमीची अडचण, आणि वर्षावासात बांधकाम काढायला भिक्खू सहसा राजी नसतात.

संध्याकाळी नातेवाईकांच्या घरी ‘बासी’ असते. परतलेल्या माणसासाठी ती करतातच. माणसाच्या अंगात ३२ ‘ख्वान’ असतात आणि लांबच्या प्रवासात ते मागे राहतात, म्हणून हाक मारून परत आणायचे. केळीच्या पानांचे शंकू एकावर एक रचून, झेंडूची फुलं टोचून मधोमध ‘फा ख्वान’ उभा करतात. त्यावर पांढऱ्या सुताचे दोरे लोंबतात. जुना भिक्खू राहिलेला वडीलधारा मंत्र म्हणतो, मग एकेकजण मनगटाला दोरा बांधतो. ज्याच्या हाताला बांधला जातो त्यानं दुसरा हात नमस्कारासारखा वर धरायचा. दोरा किमान तीन दिवस ठेवायचा, नंतर गाठ सोडायची. कात्री लावायची नाही. अमेरिकेतल्या पाळीच्या कारखान्यांत हातात काही घालायला मनाई असली की लोक हा दोरा कोपरापर्यंत वर सरकवून बाहीखाली लपवत.

पाचवा दिवस : लुआंग प्रबांगची गाडी

३ डिसेंबर २०२१ ला चीनकडून आलेली रेल्वे सुरू झाली आणि डोंगरातला दिवसभराचा रस्ता दोन तासांवर आला. तिकीट पारपत्रावर, काही दिवस आधीच मिळतं; सणाच्या आठवड्यात संपतं. ॲपमध्ये परदेशी कार्ड अडकलं तर शहरातल्या एजंटाला थोडं कमिशन देऊन काढावं, उगाच भांडत बसू नये. स्टेशन शहरापासून पंधरा किलोमीटरवर. विमानतळासारखी तपासणी असते आणि फवाऱ्याचा कुठलाही डबा, म्हणजे डासांचा स्प्रे, डिओ, दाढीचा फेस, काढून घेतात. चाकूही. मलमाच्या रूपातलं डासांचं औषध चालतं. बराचसा मार्ग बोगद्यांतून जातो, त्यामुळे देखावे पाहू म्हणणाऱ्याची निराशा होते.

सहावा दिवस : पुड्या बांधायचा दिवस

लुआंग प्रबांगचा राजवाडा आणि वात शिएंग थोंग सकाळी उरकून घ्यावेत. त्यांच्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं सापडतं. खरं काम दुपारनंतर स्वयंपाकघरात आहे.

‘खाओ तोम’साठी एक किलो चिकट तांदूळ तीन-चार तास भिजवून निथळून घेतात. अर्धा लिटर नारळाचं दूध, दीड चमचा मीठ आणि वाटीभर साखर कढईत गरम करून त्यात तांदूळ घालतात आणि दूध शोषलं जाईपर्यंत मंद आचेवर परततात. तांदूळ इथे अर्धा कच्चाच राहिला पाहिजे. पूर्ण शिजू दिला तर पुडीत त्याचा लगदा होतो. केळीची पानं आधी जाळावर फिरवून शेकून घ्यायची, नाहीतर दुमडताना शिरेवर फाटतात. दोन पानं, आतलं उलट्या दिशेचं. मधे मूठभर तांदूळ, त्यात पिकल्या केळ्याची उभी फाक, थोडे काळे घेवडे, वर पुन्हा तांदूळ. घट्ट भरलं तर फुगून पान फुटतं, सैल बांधलं तर पाणी आत जातं. बोटभर जागा सोडून दोन ठिकाणी बांबूच्या चोयीनं बांधायचं. दीड तास उकळत्या पाण्यात, पुड्या पूर्ण बुडालेल्या. किलोत पंचवीस-तीस होतात.

जेवणाचा भात वेगळा. तो रात्रभर भिजवून बांबूच्या निमुळत्या टोपलीत, उंच मानेच्या हंड्यावर वाफवतात. पाणी टोपलीला लागता कामा नये. बारा-पंधरा मिनिटांनी टोपली हिसडून अख्खा गोळा उलटायचा, आणखी दहा मिनिटं, मग फळीवर पसरून वाफ काढून झाकणाच्या टोपलीत. वाफ न काढता भरला तर तासाभरात ओला चिकटा होतो. कमी भिजला असेल तर दाण्याच्या पोटात खडा राहतो आणि तो कितीही वाफवला तरी जात नाही. अमेरिकेत ही टोपली आणि हंडा लोकांनी विमानातून नेले आणि आता तिथल्या आशियाई दुकानांत मिळतात. हंड्याला बुडाशी वाकलेली कड असेल तर तो इलेक्ट्रिक शेगडीवर डुगडुगतो. म्हणून बरीच घरं गॅराजमध्ये गॅसची वेगळी शेगडी ठेवतात.

रात्री मृतांच्या पुड्या. त्या लहान असतात: एकीत भाताचा गोळा आणि मासा किंवा मांसाचा तुकडा, दुसरीत गोड आणि फळाची फोड, तिसरीत विडा, सुपारी आणि तंबाखू किंवा सिगरेट. गेलेल्याला जे आवडायचं ते घालतात. घरातल्या प्रत्येक मृतासाठी एक आणि ज्यांचं कोणी उरलं नाही त्यांच्यासाठी काही जास्तीच्या. नदीत गेलेले त्यांतच मोजले जातात.

सातवा दिवस : पदाप दिन

पहाटे चारच्या आत विहारात पोहोचावं. विजेरीचा झोत जमिनीकडे ठेवावा, लोकांच्या तोंडावर नको. समजूत अशी की या रात्री मृतांना मोकळीक असते आणि उजाडण्याआधी त्यांना परतावं लागतं; म्हणून घाई. पुड्या स्तूपांच्या पायाशी, भिंतीच्या कडेला, झाडांच्या मुळांत ठेवतात, शेजारी उदबत्ती आणि लहान मेणबत्ती. नाव घेऊन हळू आवाजात बोलावतात. पाऊस असेल तर मेणबत्ती पानाच्या आडोशाला. कॅमेरा खिशातच बरा.

तिथून भिक्षेच्या रांगेकडे. भात स्वतः वाफवलेला किंवा सकाळच्या बाजारातला न्यावा. फुटपाथवर पर्यटकांना विकतात तो बरेचदा शिळा असतो आणि भिक्खूंना तो बाधल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. खांदे आणि गुडघे झाकलेले. बायका गुडघे मोडून बसतात. बसून द्यायचं तर पात्रापेक्षा डोकं खाली. भाताचा गोळा बोटांनी छोटा तोडून पात्रात सोडायचा, पात्राला आणि भिक्खूला हात लावायचा नाही. फक्त पाहायचं असेल तर रस्त्याच्या पलीकडून.

नंतर सभागृहात पठण चालू असताना ‘यात नाम’. लहान सुरईतून वाटीत पाण्याची अखंड धार सोडायची, पठण संपेपर्यंत पुरेल अशी बारीक. धार जाड धरली तर पाणी आधीच संपतं, आणि शेजारची आजी आपल्या सुरईतलं ओतून देते. आपल्या उदक सोडण्याशी हे इतकं जुळतं की हाताला शिकवावं लागत नाही. वाटीतलं पाणी बाहेर नेऊन झाडाच्या मुळाशी घालतात.

सहाच्या सुमारास उजाडलेलं असतं. भिंतीच्या कडेच्या पुड्या तोवर कुत्र्यांनी उघडलेल्या असतात, उरलेल्यांना मुंग्या लागलेल्या. कोणी त्यांना हाकलत नाही. त्याच दिवशी नाम खान नदीत होड्यांच्या शर्यती असतात. काठावर सावलीची जागा हवी तर आठच्या आत जाऊन बसावं, आणि परतीची गाडी त्या संध्याकाळची काढू नये, कारण रस्ते बंद असतात आणि स्टेशनला जायला वाहन मिळत नाही.